सातव्या महिन्यातला उपास

गुईताईला कर्करोग झालाय ही बातमी मला बाजारात कळली. सांगणारी होती बदकं विकणारी बाई. सांगता सांगता ती मलाच विचारत होती, की आता तिच्या पुतण्याच्या लग्नाचं जेवण कोणाकडे द्यायचं. मी हातातली बांबूच्या कोंबांची पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "गुईताईकडेच द्यायचं. तिला काहीही झालेलं नाही. तिने भात सोडलाय."

"भात सोडलाय?" बदकवालीने जीभ चावली. "म्हणजे तेच गं. शेवटी शेवटी त्यांना भात जातच नाही."

मी कोंब उचलले आणि निघाले. अशी बातमी आमच्या धंद्याला मारते. वर्षभर आधी जेवण सांगणारा माणूस आधी हेच बघतो, की आचारी वर्षभर टिकेल ना.

आमचं नेइमन म्हणजे काओश्युंग शहराच्या मागच्या डोंगरातलं गाव. इथली माती पावसात वाहून जाते, पीक धड येत नाही, म्हणून घरटी एक आचारी. लग्न असो, बारसं असो, देवळाची जत्रा असो, रस्त्यावर मांडव पडतो, गोल टेबलं लागतात आणि मांडवामागे गॅसच्या मोठ्या शेगड्यांवर आम्ही रांधतो. गुईताईचं पूर्ण नाव शू युएगुई. तिच्या वडिलांची ही आचाऱ्यांची टोळी. ते गेल्यावर ती मुख्य आचारीण झाली आणि धाकटा भाऊ शुईयुआन कढईवर. बाकी आम्ही दहाबारा बायका चिरायला, सोलायला, वाढायला. मी शिऊल्यान. माझं काम भाजीचं. नवरा होता तेव्हापासून मी तिथे सुरी चालवते आहे, आणि गुईताईला सोडून दुसऱ्याच्या हाताखाली एक दिवसही गेलेली नाही.

मुख्य आचारी बाई असणं हे इथे अजूनही काही लोकांच्या घशाखाली उतरत नाही. पण गुईताई अशी होती की कुणाची हिंमत व्हायची नाही. चांगली धिप्पाड. आवाज असा, की तीन मांडव पलीकडची पोरं रडायची थांबायची. वाफेचे डबे एकटी उचलायची. लोक म्हणायचे, हिच्याकडे बघूनच कळतं की हिच्या हातचं चांगलं असणार.

तिच्या वडिलांनाही लोक तसंच म्हणायचे. म्हातारे शू म्हणजे मोठं नाव. साखरेच्या आजाराने आधी त्यांचा अंगठा गेला, मग पाऊल गेलं. पाऊल गेल्यावरही ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसून शेगडीपाशी ओरडत असायचे आणि दुपारी गोड भाताचा मोठा वाडगा मागायचे. जखम धुवायची गुईताई. मी एकदा तिच्याबरोबर होते. पट्टी सोडल्यावर जो वास आला तो मी सांगणार नाही. ती मात्र नाक न मुरडता धुत होती, आणि पलंगावरून वडील विचारत होते, "आज भातात खारीक घातली होतीस ना?"

म्हणून, वसंतात देवळाच्या अंगणात तपासणीची गाडी आली आणि गुईताईच्या रक्तात साखर निघाली, तेव्हा तिने कागद घडी करून पिशवीत टाकला आणि त्या दिवशीचं जेवण उरकलं. दुसऱ्या दिवशी ती जवळच्या छिशान गावी त्साय डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेली. त्यांनी गोळी दिली आणि सांगितलं, भात आणि नूडल्स अर्ध्यावर आणा.

परत आल्यावर ती मला म्हणाली, "शिऊल्यान, अर्धं मला जमत नाही. एकतर झाकण उघडं, नाहीतर झाकण बंद."

आणि तिने झाकण बंद केलं. भात बंद, नूडल्स बंद, रताळं बंद, फळं बंद, चहात साखर बंद. मासे, अंडी, डुकराचं मांस चरबीसकट, पालेभाज्या, तोफू. फोनवर एका गटात तिचं नाव घातलं कुणीतरी. शेकडो लोक, सगळे असंच जेवणारे. त्याला ते लो-कार्ब म्हणतात. गटाचा म्होरक्या ताइपेईचा, सगळे त्याला कोच म्हणायचे. माणूस बोलायला गोड. एक पावडरही विकायचा.

आम्ही कामावर दुपारी एकत्र जेवतो. गुईताईच्या वाडग्यात भात नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

"ताई," शुईयुआन म्हणाला, "भाताने काय घोडं मारलंय तुझं?"

"बाबांचं पाऊल खाल्लंय त्याने."

"बाबांचं नशीब होतं ते."

"तुझं नशीब तू खा. मला कोंब वाढ."

सगळ्या हसल्या, शुईयुआनही हसला. पण तो मनातून हसत नव्हता हे मला दिसत होतं. तो वाईट माणूस नाही. फक्त आयुष्यभर 'गुईताईचा भाऊ' म्हणून ओळखला गेला, आणि पन्नाशीला आल्यावर ते त्याला टोचायला लागलं होतं.

दोनतीन महिन्यांत गुईताईच्या अंगावरचे कपडे लोंबायला लागले. गाल बसले. साखर उतरली, आणि मग एका जागी येऊन अडून बसली. ती खाली जाईना आणि इकडे गावात बातम्या मात्र वर जायला लागल्या. कोणी म्हणे यकृत, कोणी म्हणे आतडं. ज्या दिवशी मी बदकवालीचं ऐकलं, त्याच दिवशी शुईयुआनने सगळ्यांसमोर विषय काढला.

"ताई, राग मानू नकोस. थोडे दिवस मांडवावरच्या फलकावर मुख्य आचारी म्हणून माझं नाव टाकू. लोकांचा विश्वास बसेपर्यंत. देवळाचं जेवण तोंडावर आलंय."

गुईताई खेकडे घासत होती. तिने ब्रश खाली ठेवला नाही. "अंगावरचं मांस गेलंय माझं. नाव नाही गेलेलं."

"लोक बोलतात."

"लोकांना बोलायला दात आहेत. बोलू दे."

आता आमच्या पंचांगातला सातवा महिना लागला होता. हा भुतांचा महिना. दारोदार टेबलं मांडून ज्यांना कोणी नाही अशा भटक्या आत्म्यांना जेवू घालतात. या महिन्यात लग्न कोणी करत नाही, पण देवळाचं मोठं जेवण असतं, पस्तीस-चाळीस टेबलांचं. आणि नेमकं त्याच आठवड्यात कोचने गटात जाहीर केलं, की सगळ्यांनी एकाच दिवशी सुरू करून पाच दिवस फक्त पाण्यावर राहायचं. त्याचं म्हणणं, ज्याची साखर अडली आहे त्याची यानेच सुटते.

"मी करणार," गुईताई म्हणाली.

मी म्हटलं, "देवळाच्या जेवणानंतर कर की. काय घाई आहे?"

"नंतर नाही. गाव म्हणतंय ना मी मरायला टेकलेय? मग गावासमोर अन्नाचा कण न खाता चारशे माणसांचं जेवण उभं करून दाखवते. मग बघू कोण कोणाच्या मयताला जेवतंय."

हे ऐकून मला वाटलं, हिला आता देव पण अडवू शकणार नाही. तरी मी एक केलं. तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्साय डॉक्टर तरुण, तीस-बत्तिशीच्या, केस मागे घट्ट बांधलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "करू नका."

"मी विचारायला नाही आले. सांगायला आलेय."

"शू बाई, तुम्ही कधी दोन दिवस तरी उपाशी राहिलात का?"

"मी एक वेळ पण उपाशी राहिलेली नाही. म्हणून तर ही वेळ आली."

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं. म्हणाल्या, त्या दिवसांत गोळी बंद. सकाळ-संध्याकाळ बोटातून साखर तपासायची. पाण्यात मीठ घालून प्यायचं, रोज, विसरायचं नाही. शेगडीपासून लांब राहायचं. आणि छातीत धडधडलं, डोळ्यांसमोर अंधारी आली, तर त्याच क्षणी थांबायचं. "त्याच क्षणी," त्या दोनदा म्हणाल्या.

शेगडीपासून लांब राहणं ती करणार नाही हे मला तिथेच माहीत होतं. मिठाचं मला माहीत नव्हतं. गटात कोचने लिहिलं होतं, की पाणी म्हणजे नुसतं पाणी, मीठ टाकलं तर शरीर स्वच्छ होत नाही. आणि गुईताईने ते मानलं. का मानलं? डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं होतं, कोचने शाबास म्हटलं होतं. माणूस शाबास म्हणणाऱ्याकडे झुकतो. गुईताईही माणूसच.

पहिला दिवस सरळ गेला. तशी तिला भाताशिवाय राहायची सवय होतीच, भूक एकदम अंगावर धावून आली नाही. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं आणि ती सगळ्यांवर खेकसत होती. दुपारी तिची आई आली. ऐंशीच्या वर वय, पाठ वाकलेली, पण जीभ अजून ताठ. हातात डबा. खेकडा घातलेला चिकट भात, वर तळलेला कांदा. वास असा आला, की माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"जेव," आई म्हणाली.

"नाही आई."

"कुठल्या देवाला बोललीयेस नवस?"

"कुठल्याच नाही."

"मग कशाला पोट मारतेस भवाने? तुझा बाप लहानपणी पेजेत रताळ्याच्या साली खायचा. पोटासाठी आचारी झाला तो. तुला भरल्या पोटाचा माज आलाय! या महिन्यात भुतंसुद्धा जेवतात गं, आणि माझी जिवंत पोरगी उपाशी फिरतेय!"

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. गुईताईने डबा घेतला, झाकण लावलं आणि परत तिच्या हातात दिला. "आई, बाबांचं पाऊल कापायला नेलं तेव्हा तू दारातच बसून राहिलीस. तुझ्याने आत येववलं नाही. मी आत होते. मला ते परत बघायचं नाही. माझ्या स्वतःच्या पायावर तर नाहीच."

आई डबा घेऊन देवळाच्या पायरीवर जाऊन बसली आणि रागारागाने तो सगळा भात स्वतः खाल्ला. संध्याकाळी तिचं पोट दुखलं, तेही गुईताईच्याच नावावर जमा झालं.

तिसऱ्या दिवशी गंमत झाली. सकाळी गुईताई आली ती हलकी पिसासारखी. डोळे चकचकीत, डोकं शांत. म्हणाली, "शिऊल्यान, भूकच मेली गं! मला सगळ्याचा वास येतोय. तुझ्या त्या टोपलीत तळाचा एक कोंब सडलाय बघ." होता सडलेला. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. त्या दिवशी तिने मांस मुरवलं, सुके मासे भिजवले, हाडं उकळायला टाकली, गाणं म्हणत.

चव घ्यायचा प्रश्न आला. शुईयुआन म्हणाला, "चव न घेणारा आचारी म्हणजे काय? मी घेतो."

"माझी जीभ आहे अजून जागेवर," ती म्हणाली. चमचा जिभेवर टेकवायचा, ओळखायचं, थुंकायचं, चूळ भरायची. असं ती दिवसभर करत राहिली. गटात तिने हे सांगितलं तर कोचने लिहिलं, की जिभेला लागलं म्हणजे उपास मोडला, पुन्हा पहिल्यापासून मोजा. गुईताईने फोन माझ्यासमोर धरला. "याला सांग, माझा धंदा आहे तो. चव घेऊ नकोस म्हणे! सुताराला सांग लाकडाला हात लावू नकोस." पण गट सोडला नाही.

चौथा दिवस देवळाच्या जेवणाचा. ऊन असं, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मांडवामागे सहा शेगड्या एकदम पेटलेल्या. आम्ही भरल्या पोटाच्या बायका हैराण झालो होतो, आणि ही चार दिवसांची उपाशी बाई कढया हलवत होती. सकाळपासून तिच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. ती टेबलाला धरून पाय ताणायची आणि पुन्हा कामाला लागायची. मी विचारलं तर म्हणाली, "गप्प बस, मासा बघ."

मासा वाफेला लागला आणि तिने हातातला झारा सोडला. झारा पडल्याचा आवाज झाला म्हणून मी वळले. ती एका हाताने खांबाला धरून उभी होती, दुसरा हात छातीवर. चेहरा तोफूसारखा पांढरा.

"काय होतंय?"

"आत कबुतर फडफडतंय," ती म्हणाली.

माझ्या आधी शुईयुआन पोचला. त्याने कढई सोडून उडी मारली, तिला काखेतून धरलं आणि उलट्या ठेवलेल्या बाटल्यांच्या क्रेटवर बसवलं. "ताई, बाबांसारखं करू नकोस गं. एकदा बघितलंय मी. परत नको." इतक्या वर्षांत मी त्याला तिच्याशी या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. मी बोटातून रक्त काढून साखर बघितली. फार खाली नव्हती. म्हणजे दुसरंच काही होतं.

मी तिच्या खिशातला फोन काढून गटात लिहिलं, की धडधड होतेय, पायात गोळे येतायत. कोचचं उत्तर लगेच आलं. मी मोठ्याने वाचलं. "अभिनंदन! हे विष बाहेर पडतंय. इथेच कमकुवत माणूस मोडतो. अजून एकच दिवस. माझी पावडर मागवली असतीत तर हा त्रास झाला नसता."

गुईताई डोळे मिटून ऐकत होती. तिने डोळे उघडले. "विष? मीठ नको म्हणाला तो, आणि आता पावडर घे म्हणतो? शिऊल्यान, त्या हाडांच्या पातेल्यातलं वाडगाभर दे. गाळून. वर मीठ टाक. नीट टाक, हात आखडू नकोस."

"उपास मोडतेस?" आमच्यातल्या एकीने विचारलं.

"मी धरला, मी सोडते. तुझ्या बापाचा होता का?"

तिने सूप हळूहळू प्यायलं, घोट घोट, दोन वाडगे. शुईयुआन म्हणाला, "आता तू उठायचं नाहीस. मी बघतो." आणि त्याने बघितलं, खोटं कशाला बोलू. एकट्याने चार शेगड्या सांभाळल्या. ती क्रेटवर बसून हुकूम सोडत होती, "लसूण आता! झाकण काढ! वाढा, वाढा, उभ्या काय राहिलात!" आणि तो निमूट ऐकत होता. एकही टेबल उशिरा गेलं नाही.

मी तिला म्हणत होते, गाडी बोलावते, दवाखान्यात चल. धडधड थांबली होती. ती म्हणाली, शेवटचं ताट गेलं की निघू. ही तिची चूक होती, मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते.

मांडवात देवळाच्या समितीचे अध्यक्ष माइक घेऊन उभे राहिले. आधी देवाचे आभार, मग देणगीदारांचे. मग शुईयुआनला पुढे ओढून त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "आणि हे आपले आजचे मुख्य आचारी! बहीण आजारी असताना एकट्याने सगळं पेललं. पुढच्या वर्षीही हेच!" लोकांनी ग्लास वर केले. आम्ही मागून बघत होतो. शुईयुआनने तोंड उघडलं. मला वाटलं, सांगेल. पण त्याने तोंड मिटलं आणि ग्लास उचलला.

गुईताई उठली. मी तिचा हात धरला, तो तिने सोडवला. ॲप्रन बदलला, पांढरा घातला. पेल्यात पाणी घेतलं. आमच्यात मुख्य आचारी शेवटी टेबलाटेबलाला जाऊन पाहुण्यांना विचारतो, ते काम इतर कुणी करत नाही. ती पहिल्या टेबलाशी गेली. पाय ओढत होती. पेला वर केला.

"मी शू युएगुई. आजचं जेवण माझं. आवडलं का? आणि हो, मला कर्करोग झालेला नाही. मी भात खात नाही, एवढंच."

एका म्हाताऱ्याने घसा साफ केला. "मासा फक्कड होता."

"होताच." ती पुढच्या टेबलाकडे गेली.

एकूण एक टेबल घेतलं तिने. प्रत्येक ठिकाणी तेच बोलली, शब्द न बदलता. मधल्या एका टेबलावर बदकवाली बसली होती. गुईताईने तिच्यासमोर जरा जास्त वेळ पेला धरला. "पुतण्याच्या लग्नाची तारीख काढली की कळव. मी जिवंत आहे." बदकवालीने मान इतकी खाली घातली, की तिचे केस सूपमध्ये बुडाले. शेवटचं टेबल अध्यक्षांचं. त्यांच्या शेजारी शुईयुआन. ती बोलून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "अहो, मला वाटलं..." ती म्हणाली, "पुढच्या वेळी विचारा. मी मांडवाच्या मागेच असते."

भावाकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी आम्ही छिशानला गेलो. डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावून कागद काढला, रक्त घेतलं. अंगातले क्षार उतरले होते. घामात गेले आणि आत काही आलंच नाही. सलाईन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी डॉक्टरीणबाई समोर उभ्या राहून तिला असं बोलल्या, की गुईताईशी तसं बोलताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. मीठ सांगितलं होतं. शेगडी नको सांगितलं होतं. हृदय म्हणजे शेगडी नाही, विझलं तर काडी लावून पेटत नाही.

गुईताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रागवा. बरोबर आहे तुमचं, मी चुकले. मीठ नको म्हणणाऱ्या गाढवाचं ऐकलं. आता पुढच्या वेळी कसं करायचं ते सांगा."

"पुढच्या वेळी?"

"मी परत करणार आहे."

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. मला हसू आवरेना, मी खिडकीबाहेर बघायला लागले.

घरी येताना गाडीत तिने फोन काढला आणि गटात लिहिलं. मी शेजारी बसून वाचलं. 'मी शू युएगुई, नेइमनची आचारीण. चौथ्या दिवशी थांबले. माझं हृदय धडधडत होतं तेव्हा कोचने अभिनंदन केलं. तुमच्यापैकी कुणाचं धडधडलं तर थांबा, मीठ घ्या, डॉक्टरकडे जा. कमकुवत म्हणाले तर म्हणू दे.' कोचने लिहिलं, शेवटी तुमचं मनच तयार नव्हतं. तिने उत्तर दिलं, 'माझं मन तयार होतं. तुमचं डोकं तयार नव्हतं.' मग तिला गटातून काढून टाकलं. पुढे आठवडाभर त्या गटातल्या अनोळखी बायकांचे फोन येत होते, ताई, आम्हालाही तसंच होतंय, काय करू?

शुईयुआन दोन महिन्यांनी वेगळा झाला. भांडण झालं नाही. त्याने येऊन सांगितलं, छिशानला स्वतःची टोळी काढतोय. ती म्हणाली, "आधीच काढायला हवी होतीस. हात चांगला आहे तुझा. त्या दिवशी माझ्या बाजूने एक वाक्य बोलला असतास तर अर्धी टोळी दिली असती." तो मान खाली घालून म्हणाला, "मला ते वाक्य आठवत होतं ताई. तोंडातून निघालं नाही." आमच्यातल्या तीन बायका त्याच्याबरोबर गेल्या. मी राहिले. त्या वर्षी आमची कामं कमी झाली, पुढच्या वर्षी परत वाढली. दोघं बहीणभाऊ आता आईच्या वाढदिवसाला भेटतात आणि कोणाचं मांस जास्त मऊ झालं यावरून वाद घालतात.

दुसरा उपास तिने हिवाळ्यात केला, काम नसताना, घरात पलंगावर पाय पसरून. दोनच दिवसांचा. उशाशी मिठाच्या पाण्याची बाटली, डॉक्टरीणबाईंचा नंबर फोनमध्ये सगळ्यात वर. आई तिच्या समोर खुर्ची टाकून मुद्दाम भुरके मारत पेज प्यायची. "जळते का?" विचारायची. "नाही," गुईताई म्हणायची. "जरा तरी?" "नाही आई." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र म्हातारीने स्वतः उठून अंडं उकडलं, सोललं, आणि तिच्या हातात ठेवलं.

आता तिची साखर बरीच खाली आहे. गोळी अर्धी झाली. तिला ती पूर्ण टाकायची आहे, डॉक्टरीणबाई नाही म्हणतात, आणि दर तीन महिन्यांनी त्या दोघींची जुंपते. मी बाहेर बाकावर बसून ऐकते. पाय दोन्ही शाबूत आहेत, गुडघे कमी कुरकुरतात. वाफेचे डबे पूर्वीसारखे एकटीला उचलवत नाहीत, एवढं खरं. त्याला माझा हात लागतो.

मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्याची सत्तरी होती. मांडव भरलेला. शेवटी पीचच्या आकाराचे गुलाबी गोड पाव गेले. गुईताई टेबलाटेबलाला फिरत होती. उत्सवमूर्ती काका चांगलेच रंगात आले होते. त्यांनी एक पाव उचलून तिच्या तोंडापर्यंत नेला.

"माझ्या नावाने एक खा! दीर्घायुष्याचा आहे. नाही म्हणायचं नाही."

"नाही, काका."

"अगं एकाने काय होतंय?"

"काही होत नाही. मी खात नाही."

"माझ्या वाढदिवसाला? सगळ्यांसमोर?"

सगळं टेबल तिच्याकडे बघत होतं. त्यांच्या सुनेने 'बाबा, जाऊ द्या' म्हणून बाही ओढली. गुईताईने त्यांच्या हातातला पाव काढून घेतला आणि त्यांच्याच ताटलीत ठेवला.

"सगळ्यांसमोर नाही म्हणते. काका, बसा. अजून एक सूप यायचंय, ते गरम प्यायचं असतं."

आणि ती सूप बघायला मांडवाच्या मागे आली. "शिऊल्यान," ती ओरडली, "कोथिंबीर कुठे मेलीय?"